लाक्षागृहात कोण जळाले?

राजकारणावरचा रहस्यपट लोकांना इतका का आवडतो, याचे पहिले उत्तर फारसे उदात्त नाही. दुसऱ्याच्या घरातले बोलणे भिंतीला कान लावून ऐकण्याची हौस माणसाला उपजतच असते, आणि ते घर मुख्यमंत्र्यांचे असले म्हणजे कान आणखीच लांब होतात. अमरावतीच्या राजकमल चौकातली चहाची टपरी असो की अकोल्याच्या कापूसबाजारातली अडत्याची गादी असो, ‘आतली गोष्ट अशी आहे’ या शब्दांनी सुरू झालेले वाक्य अर्धवट टाकून आमच्या वऱ्हाडात कोणी उठून गेलेले नाही. चहा निवतो, घरी ताट वाढलेले असते, पण आतली गोष्ट पुरी झाल्याशिवाय पाय निघत नाही. ती खरी की खोटी याची चौकशी मागाहून. आधी ती ‘आतली’ असली पाहिजे.

या हौसेला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ती अगदीच हलकी असती, तर महाभारतकारांनी वारणावताची कथा इतक्या चवीने सांगितली नसती. राजकीय रहस्यपटाला जे जे लागते ते सारे त्या कथेत आहे. गादीचा वारस कोण, हा वाद. वारसाला दूर गावी जत्रेला पाठवण्याचा साळसूद बेत. तिथे लाख, तूप, सण असल्या चटकन पेट घेणाऱ्या वस्तूंनी बांधलेला वाडा, आणि त्यावर देखरेख ठेवणारा पुरोचन. निरोपाच्या वेळी भर लोकांत विदुर युधिष्ठिराशी असे काही बोलतो की ऐकणाऱ्या चारचौघांना काही कळू नये आणि युधिष्ठिराला सगळे कळावे. मग विदुराने पाठवलेला खनक येतो, जमिनीखालून भुयार खणतो, आणि एका रात्री वाडा पेटतो. वाचकाचा श्वास अडकतो तो पांडव भुयाराच्या पलीकडच्या तोंडाशी पोचेपर्यंत. पोचले, की सुटकेचा निःश्वास आणि पान उलटले. त्या उलटलेल्या पानावर काय राहून गेले, याकडे पुढे यावेच लागेल.

मराठीत या जातीचे चित्रपट फार नाहीत. जे आहेत त्यांत ‘सिंहासन’ हा १९७९ सालचा चित्रपट अजून मानाने पहिला बसतो. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि मूळ कथा अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधली. हा चित्रपट मुंबईचा, मंत्रालयाचा, सत्तेच्या दालनांचा. तरी त्यावर आम्हा वऱ्हाडकरांचा थोडा हक्क पोचतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. अरुण साधू जन्माने परतवाड्याचे. चित्रपटात आशा भोसले यांच्या आवाजात ऐकू येणारे, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले गीत सुरेश भटांचे, आणि भट तर १९३२ साली अमरावतीतच जन्मले. सातपुड्याच्या पायथ्याशी जन्मलेल्या माणसाने मुंबईची सत्ता न्याहाळली, म्हणूनच की काय, तिच्या झगमगाटाने त्याचे डोळे दिपलेले दिसत नाहीत. बाहेरून आलेल्या पाहुण्याला घरातल्या भेगा लवकर दिसतात.

(चित्रपटाच्या धंद्यात आमच्या मुलखाचे नाव मोठे गमतीदार रीतीने टिकून आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड हे राज्य नकाशावरून केव्हाच गेले. पण चित्रपटांच्या वितरकांनी ‘सी. पी. बेरार’ ही आपली विभागणी काही सोडली नाही. राज्ये मोडतात, तिकिटाचा गल्ला मात्र जुन्याच हद्दी ओळखतो. अमरावतीतही चित्रा, श्याम, प्रभात ही नावे चौकांना चिकटून राहिली आहेत.)

‘सिंहासन’चे सामर्थ्य कशात आहे? मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना एक निनावी दूरध्वनी येतो: तुम्हाला खाली ओढण्याचा कट शिजतो आहे. तिथून पुढे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगारांचे पुढारी डिकास्टा, आमदार, दलाल, तस्कर अशी माणसे एकमेकांच्या पायात पाय घालीत धावत राहतात. अरुण सरनाईकांचा जिवाजीराव राक्षस नाही आणि देवही नाही. तो हुशार आहे, थकलेला आहे, आणि खुर्चीवरून उठलो तर आपण उरणारच नाही अशी भीती त्याच्या डोळ्यांत आहे. डॉ. श्रीराम लागूंचा दाभाडे तसाच. या दोघांना पाहिल्यावर सिंहासनावरची मखमल निघून खालची लाकडे दिसू लागतात. राजा हा विष्णूचा अंश असे हजार वर्षे ऐकत आलेल्या समाजाला हे दर्शन घडवणे ही लहान गोष्ट नव्हे. कायदेमंडळाच्या पायरीवर ज्याला शिपाई थांबवील, असा माणूस काही आण्यांच्या, पुढे काही रुपयांच्या तिकिटावर थेट मुख्यमंत्र्यांच्या निजायच्या खोलीत जाऊन बसतो. लोकशाहीचे शिक्षण म्हणतात त्यातला हा एक धडाच आहे, आणि तो क्रमिक पुस्तकातल्या नागरिकशास्त्रापेक्षा पक्का बसतो.

सत्ताधाऱ्यांना या धड्याची भीती वाटते याचा पुरावाही आहे. अमृत नहाटांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती १९७५ मध्ये, आणीबाणीत, नष्ट करण्यात आल्या. तो नव्याने तयार होऊन १९७८ मध्ये लोकांपुढे आला. ज्याच्यात काही दम नाही त्या कागदाला कोणी काडी लावीत नाही.

या जातीच्या चित्रपटाचा दुसरा गुण म्हणजे त्याने काळाला आणलेला ताण. संथ दिवसांत सारेच सज्जन दिसतात. उद्या सकाळी सरकार पडणार म्हटले की रात्रीच्या आठ तासांत माणूस खरा कोण आहे ते बाहेर येते. त्या आठ तासांत मित्र कोणाला विकतो, सुनेशी कसे वागतो, देवापुढे हात जोडतो की पत्रकारापुढे, हे दाखवायला रहस्यपटासारखा साचा नाही. नाटकाला इतक्या खोल्यांत एकदम शिरता येत नाही. कादंबरीला शिरता येते, पण तिथे आपण पान खाली ठेवून पाणी प्यायला उठू शकतो.

आता उण्या बाजूकडे वळू. पहिले उणे तसे किरकोळ, पण त्याने मोठे नुकसान केले आहे. कादंबरी १९७७ ची. १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटलांचे मंत्रिमंडळ आतून फुटले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. पुढल्या वर्षी चित्रपट आला. मग काय, पडद्यावरचा अमका म्हणजे खरा कोण, याची कोडी सोडवण्यात प्रेक्षक गुंतले. लेखकाने आधी लिहून ठेवलेल्या गोष्टीत नंतर घडलेले प्रसंग शोधायचे, हा उलटा उद्योग. पुस्तक सांगत होते, ‘खुर्ची माणसाचे असे असे करते’. लोकांनी ऐकले, ‘अमक्याने तमक्याचे असे असे केले.’ पहिल्या वाक्यात आपल्या गावच्या सरपंचापासून आपल्या स्वतःपर्यंत सारे सापडतात. दुसऱ्यातून आपण अंग झाडून सुटतो. राजकीय रहस्यपटाला हा रोगच जडलेला आहे: तो जितका खऱ्या माणसांच्या जवळ जातो, तितका तत्त्वापासून कुटाळकीकडे घसरतो.

याहून मोठे उणे दिगू टिपणीसच्या रूपाने चित्रपटातच उभे आहे. निळू फुले यांनी केलेला हा वार्ताहर सगळीकडे असतो. त्याला सगळे ठाऊक आहे. कोण कोणाला कुठे भेटला, कोणाचा भाव किती झाला, कोण कोणाच्या जिवावर उठला. त्याच्या हातात वही आहे, लेखणी आहे, मागे वृत्तपत्र आहे. आणि या सगळ्या ज्ञानाचे शेवटी काय होते? दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. इथे चित्रपट थांबतो, आणि मराठी प्रेक्षक ते हसू बरोबर घेऊन घरी जातो.

ह्याच धंद्यातली दोन माणसे अमेरिकेतल्या ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ या १९७६ च्या चित्रपटात आहेत. त्यांच्याही हाती वही नि लेखणीच. वॉटरगेटच्या प्रकरणात त्यांनी धागा सोडला नाही, आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. कोस्ता गाव्रास यांच्या ‘झेड’ या १९६९ च्या चित्रपटात ग्रीसमधला एक तरुण न्यायाधिकारी आहे. १९६३ मध्ये थेसालोनिकी शहरात लाम्ब्राकिस या शांततावादी खासदाराचा बळी गेला, त्यावर बेतलेली ही कथा. न्यायाधिकारी सुरुवातीला त्या मृत्यूला ‘घटना’ म्हणतो, कारण पुरावा नाही. पुरावा जमतो तसा तो ‘खून’ म्हणू लागतो. शब्द एकच बदलला, पण तो बदलायला छाती लागते, कारण वरच्यांना ‘घटना’च हवी असते. ज्याच्यावरून हे पात्र घेतले ते सार्त्झेताकिस पुढे लष्करी राजवटीत छळले गेले आणि १९८५ मध्ये ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले.

यावरून कोणी म्हणेल की तेंडुलकर-पटेलांनी दिगूला धीट करायला हवे होते. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे तशी उदाहरणे विरळा असताना पडद्यावर धीट वार्ताहर काढणे म्हणजे लबाडीच झाली असती. ‘सिंहासन’ प्रामाणिक आहे. प्रश्न दिगूचा नाहीच. त्याच्याबरोबर हसणाऱ्यांचा आहे. ज्याला कळले त्याच्यावर काही जबाबदारी येते की नाही? की कळणे हीच एक कृती मानून माणसाने निजावे?

आमच्या परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे. संजयाला दिव्यदृष्टी मिळाली होती. अठरा दिवसांचे युद्ध त्याने धृतराष्ट्राला सांगितले. धृतराष्ट्र हा जगातला पहिला रहस्यपटाचा प्रेक्षक म्हणायला हरकत नाही. अंधारात बसलेला, आणि ‘मग काय झाले, संजया?’ असे पुनःपुन्हा विचारणारा. तो खोटा रडत नाही. त्याला खरेच दुःख होते. युद्धाच्या आधीची एक रात्र तर याहून बोलकी आहे. त्या रात्री झोप येईना म्हणून त्याने विदुराला बोलावून घेतले, आणि विदुराने रात्रभर त्याला नीती सांगितली. धृतराष्ट्राने मान डोलावली, आणखी सांग म्हणाला. सकाळ झाली आणि त्याने तेच केले जे नीती न ऐकता केले असते. उत्तम चित्रपट पाहून आल्यावर रात्री झोप लागली नाही, हे आपण त्या चित्रपटाचे प्रशस्तिपत्र समजतो. झोप धृतराष्ट्रालाही लागली नव्हती.

राजकीय रहस्यपट पाहून बाहेर पडणारा माणूस बहुधा एक वाक्य घेऊन बाहेर पडतो: सगळे चोर आहेत. हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण त्यात शहाणपण सांडून गेलेले असते. विवेक म्हणजे दोन वस्तूंमधला फरक ओळखणे. सगळे सारखेच म्हटले की फरक ओळखण्याचे काम संपले, म्हणजे विवेकच संपला. शिवाय या वाक्यात मोठी सोय आहे. सगळेच चोर असतील तर यातल्या कमी चोराच्या मागे उभे राहण्याचे, जास्त चोराला अडवण्याचे, किंवा आपण चोरी न करण्याचेसुद्धा कारण उरत नाही. मनुष्य निश्चिंत होतो. गावात सेवा सहकारी सोसायटीची वार्षिक सभा असते, ग्रामसभा असते. तिथला हिशेब विचारणे ज्याच्या त्याच्या हातात असते. पण तिथे निनावी दूरध्वनी येत नाही, मोटारी धावत नाहीत, पार्श्वसंगीत नाही. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि गणपूर्ती करू शकणारी मंडळी त्या वेळी पारावर बसून राजधानीतली आतली गोष्ट ऐकत असतात.

गाडगेबाबांची आठवण इथे होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस. दिवसा ज्या गावचे रस्ते खराट्याने झाडायचे, त्याच गावात रात्री कीर्तन करायचे. आणि कीर्तनात ते नुसते सांगत नसत, विचारीत. समोरच्या बाया-माणसांना प्रश्न टाकायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. ऐकणाऱ्याला साक्षीदार म्हणून बसून राहण्याची मुभाच नव्हती. सिनेमाची गोष्ट निराळी, हे मी जाणतो. पडदा उत्तरासाठी थांबू शकत नाही. पण थांबता येत नाही म्हणूनच त्याने प्रेक्षकाला काय शिकवले याची चौकशी अधिक करायला हवी.

आता ते वारणावतातले राहिलेले पान. वाडा पेटला त्या रात्री कुंतीने ब्राह्मणभोजन घातले होते. जेवणाच्या आशेने एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन आली. ती सहाही जणे खाऊन-पिऊन तिथेच पडली, निजली. भीमाने आग लावली. सकाळी राखेत एक स्त्री आणि पाच पुरुष यांची प्रेते मिळाली, आणि पांडव कुंतीसह जळाले अशी हस्तिनापुरात खात्री झाली. बेत तडीस जायला सहा प्रेते लागत होती. ती आयती मिळाली. काळाच्या प्रेरणेने ती बाई तिथे आली, असे म्हणून ग्रंथ पुढे जातो. युधिष्ठिर पुढे आयुष्यभर किती गोष्टींचा पश्चात्ताप करतो! या सहांचे नाव तो काढीत नाही. आणि खरे सांगायचे तर वाचकही काढीत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष भुयाराच्या तोंडाकडे लागलेले असते. उत्कंठा लक्ष एका जागी खेचते. म्हणजेच इतर सगळ्या जागांवरून ते काढून घेते.

राजकीय रहस्यपटाचा खरा दोष मला हा वाटतो. तो खोटे सांगतो असे नाही. राजकारण बंद खोलीत घडते हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात महाराष्ट्राच्या आणि विदर्भाच्या पुढाऱ्यांनी करार केला, तोही चारचौघांच्या बैठकीतच. आणि त्या कागदावरून आमच्या मुलखात पुढे कित्येक वर्षे वाद झाले. खोली खरीच आहे. पण खोलीतला खेळ रंगतदार झाला की खोलीबाहेर जळणाऱ्यांची मोजदाद राहून जाते.

वऱ्हाडातले हे जळणे फार सावकाश असते. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, आमची शकुंतला, मुळात कापूस वाहून न्यायला घातली होती. ती आता बंद आहे. अमरावती जिल्ह्यातला कापूस तिच्यातून अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला. म्हणजे पडद्यावर ज्या मुंबईचे कामगार, पुढारी आणि मंत्री एकमेकांना शह देताना आपण पाहतो, त्या मुंबईच्या गिरण्यांच्या धाग्याचे दुसरे टोक आमच्या पऱ्हाटीला बांधलेले होते. चित्रपटाने धाग्याचे मुंबईकडचे टोक दाखवले. दुसरे टोक दाखवणे रहस्यपटाच्या साच्याला जवळजवळ अशक्यच आहे. कापसाला भाव काय, खरेदी केंद्र केव्हा उघडणार, आयात किती होऊ द्यायची, चुकारे कधी मिळणार, बोंडअळीने किती नेले, बँकेने कर्ज नवे केले की सावकाराच्या दारात धाडले, या गोष्टी दोन-अडीच तासांत घडत नाहीत. त्यांना वीस वर्षे लागतात. १९७२ मध्ये सरकारने कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना आणली. तिने शेतकऱ्याला तारले म्हणणारे आणि बुडवले म्हणणारे, दोन्ही लोक अजून भेटतात आणि दोघांकडेही हिशेबाचे कागद असतात. इथे पिस्तूल नाही, निनावी दूरध्वनी नाही, आणि बोट दाखवावे असा एक खलनायकही नाही. पटकथाकाराने कपाळाला हात लावावा अशी ही सामग्री आहे.

हा केवळ कलेच्या साच्याचा प्रश्न असता तर एवढे लांबण लावायचे कारण नव्हते. पण साचा पडद्यावरून उतरून आमच्या नजरेत शिरला आहे. २०१९ सालच्या नोव्हेंबरातले दिवस आठवा. निवडणूक झालेली, सरकार बनत नव्हते. आमदार कोणत्या हॉटेलात आहेत, कोण कोणाला भेटले, बस कुठून निघाली, याकडे सारा महाराष्ट्र डोळे लावून बसला होता. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. २३ तारखेला भल्या सकाळी एक शपथविधी झाला, तो चार दिवसही टिकला नाही. इतका उत्कंठावर्धक चित्रपट कोणी लिहून दिला असता तरी अतिरंजित म्हणून परत आला असता. त्याच आठवड्यांत राज्यभर अवकाळी पावसाने काढणीला आलेले पीक गेले होते. वऱ्हाडात सोयाबीनच्या सुड्या भिजून त्यांना कोंब फुटले, कापसाची बोंडे झाडावरच काळी पडली. खरिपाच्या पिकाला हेक्टरी ८,००० रुपये मदत राज्यपालांनी त्या महिन्यात जाहीर केली. मंत्रिमंडळच नव्हते, तर दुसरे कोण जाहीर करणार? त्या दिवसांतले किती संवाद, कोणाचे किती आमदार, हे लोक अजून घडाघडा सांगतात. हेक्टरी किती मिळाले, हा आकडा ज्याला मिळाले त्याच्याखेरीज कोणाला पाठ नाही. दोष कोणा एका पक्षाचा म्हणून हे सांगत नाही. पक्ष आपापला खेळ खेळले. पाहणारे आपण होतो, आणि कोठे पाहायचे हे आपण निवडले.

मग या सावकाश जळण्याची उत्कंठा चित्रपटाला कधीच साधायची नाही काय? एका चित्रपटाने साधली आहे, आणि योगायोग असा की तो वऱ्हाडी बोलीतच आहे. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’, २००९ सालचा. त्याला कोणी राजकीय रहस्यपट म्हणणार नाही, पण मी म्हणतो. गावात एक शेतकरी स्वतःच्या हाताने जीव देतो. ते पाहून शेजारच्या अलकाच्या मनात भीती शिरते की आपला किसनाही तसेच करील. झाले; त्या दिवसापासून ती त्याच्यावर पाळत ठेवते. शेतात गेला की लहान मुलाला मागे पाठवते, त्याला आवडेल ते रांधते, घरातली कोणती वस्तू कोठे आहे यावर डोळा ठेवते. किसना गोंधळतो, चिडतो, आणि प्रेक्षक खळखळून हसतो. हसता हसता घसा कोरडा पडतो. पाळत, संशय, लपवाछपवी, घड्याळ असा रहस्यपटाचा सगळा सरंजाम इथे आहे. फरक एवढाच की हेर ही बायको आहे, आणि ज्याच्यावर हेरगिरी चालू आहे तो जगावा एवढीच तिची इच्छा आहे. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी ती माणसे अशी उभी केली आहेत की चित्रपट संपल्यावर ‘सगळे चोर’ हे वाक्य तोंडात येत नाही. कोणाचे काय गुपित आहे, हे इथे आपल्याला जाणून घ्यायचेच नसते. आभाळाकडे पाहणाऱ्या त्या माणसाचे काय होणार, याची धास्ती असते; आणि धास्ती घेऊन धृतराष्ट्रासारखे आसनावर स्वस्थ बसता येत नाही.

तोही चित्रपट पुरा नाही, हे सांगितले पाहिजे. त्यात ती खोली नाही. पाऊस दगा देतो तो आभाळातून. पण भाव, वीज, कर्ज यांतला दगा आभाळातून येत नाही, तो कोणाच्या तरी सहीने येतो, आणि ती सही करणारा हात ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये दिसत नाही. तो हात पाहायला ‘सिंहासन’कडेच जावे लागते. साधूंचा मुलूख आणि किसनाचा मुलूख एकच. पण एकाच चित्रपटात सही करणारा हात आणि पऱ्हाटी उपटणारा हात दोन्ही दाखवील असा कोणी अजून व्हायचा आहे. ‘सामना’मध्ये १९७५ साली पटेल आणि तेंडुलकरांनी याच्या बरेच जवळ जाऊन पाहिले होते. तिथे हिंदुराव धोंडे पाटलाच्या वैभवाच्या मध्यावर, नाहीशा झालेल्या एका सामान्य माणसाची चौकशी एक दारुडा मास्तर पुनःपुन्हा करीत राहतो. राखेतल्या सहांची चौकशी करणारा तो मला आपल्या पडद्यावरचा पहिला माणूस वाटतो. पण ती साखरेच्या मुलखातली गोष्ट. कापसाच्या मुलखाला त्याचा मास्तर मिळायचा आहे.

या दिवसांत पहिल्या वेचणीचा कापूस घरोघर येऊन पडलेला असतो. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली पोरेही चार दिवस येतात. रात्री फराळाचे डबे उघडून घरचे सगळे काही तरी पाहायला बसतात, हल्ली त्यासाठी टॉकीजपर्यंत जावे लागत नाही. अशा घरांना माझे सांगणे एवढेच की ‘सिंहासन’ एका रात्री लावावा आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ दुसऱ्या. दोन्ही एकाच रात्री लावू नयेत. मधला दिवस मोकळा असावा. घरात शेती पाहणारा जो कोणी असेल त्याला त्या दिवशी थोडे बोलू द्यावे, भाव काय मिळाला ते विचारावे. पहिल्यांदा विचारले तर तो ‘ठीक आहे’ म्हणेल. पुन्हा विचारावे.